शेऱ्याचा रकाना

ब्रह्मपुरी,
११ ऑक्टोबर

प्रिय दीपाली,

हे पत्र स्पीड पोस्टाने पाठवते आहे. मिळाल्याची सही तुला करावी लागेल. मोबाइलवर लिहिलं असतं तर तू वाचून पुसलं असतंस, आणि मग ते आलं होतं की नाही हे तुझ्या सांगण्यावर राहिलं असतं.

मी बरी आहे. एप्रिलपासून इथे आईबाबांकडेच आहे. एका कॉलेजात तासिका तत्त्वावर वनस्पतिशास्त्राची प्रॅक्टिकल घेते. पोरं विचारतात, मॅडम, तुम्ही भामरागडला होता ना, वाघ दिसला का? मी सांगते, नाही दिसला. आमच्या घरामागच्या बांध्यांमध्ये धान लोंबीवर आला आहे. आई सकाळी तिकडे एक फेरी मारून येते आणि येताना रोज काहीतरी ठरवून येते. तक्रार करायची की नाही, हा निर्णय तिनेच तिथून आणला होता. म्हणाली, ‘केली त नोकरी जाईन, नाई केली त झोप जाईन. नोकरी दुसरी भेटते.’

एम.एस्सी.ची दोन वर्षं आपण एका खोलीत काढली. झाडाचा घेर मोजताना तू फीत सैल धरायचीस आणि मी तुझ्या मागून येऊन ती पुन्हा ताणायचे. तू चिडायचीस, ‘तू मले शिकवू नोको,’ म्हणायचीस, आणि आकडा मात्र माझाच लिहायचीस. तुझ्या वहीतला आकडा चुकलेला मला चालायचा नाही. माझं तुझ्यावर प्रेम होतं, ते असं होतं. दुसऱ्या तऱ्हेने मला येत नाही.

जानेवारीत ऑफिसातून कळलं की तुला मलेरिया झाला, तू अकराव्या दिवशी भामरागडच्या कॅम्पवरून परत आलीस, आणि तुझ्या जागेवर मला घेतलं आहे. मी तुला फोन केला. पुढे तक्रार लिहिताना मी त्या फोनची नोंद काढून पाहिली. आपण एकोणीस मिनिटं बोललो. तू सांगितलंस की पायमोजे जास्त ने, गोचिड्या लागतात. मच्छरदाणी स्वतःची ने. टॉर्चचे सेल अहेरीतच घे, पुढे मिळत नाहीत. स्वयंपाकाच्या नीलाबाईंना भात कमी वाढायला सांग, तरी त्या ऐकणार नाहीत. वाट दाखवणारे पत्रूभाऊ फार जोरात चालतात. मी पथकप्रमुख अंकुश सरांबद्दल विचारलं. तू म्हणालीस, ‘हुशार हाये. कामाले पक्के हाये.’ मग आई हाक मारून राहिली, असं म्हणून फोन ठेवलास. त्या दिवशी तू चंद्रपूरला होतीस आणि तुझी आई सिंदेवाहीला.

काम तुला माहीत आहे, तरी लिहिते, कारण पुढचं सगळं त्या पद्धतीवर उभं आहे. वीस मीटर लांब, वीस मीटर रुंद असा जंगलाचा चौकोन आखायचा, त्यातल्या प्रत्येक मोहाच्या झाडाचा घेर मोजायचा, खाली उगवलेली रोपं मोजायची. एका चौकोनाचा एक फॉर्म. वर तारीख, वेळ, फीत कुणी धरली त्याचं नाव. मधे आकडे. सगळ्यात खाली शेऱ्याचा रकाना. सरांचा नियम असा की जे घडलं ते त्याच जागी, पेनाने, वेळेसह लिहायचं. फॉर्मवर पथकप्रमुख म्हणून त्यांची रोजची सही. कॅम्पच्या गावात नेटवर्क नाही, म्हणून दर शनिवारी ते चौदा किलोमीटरवर भामरागडला जात आणि आठवड्याच्या सगळ्या फॉर्मचे फोटो स्वतःच्या फोनवरून संस्थेला पाठवत. हा नियमही त्यांचाच. पाण्याने, वाळवीने कागद गेला तरी नोंद राहावी म्हणून.

सही करताना ते फॉर्म वाचत नाहीत, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. जीपच्या बॉनेटवर गठ्ठा ठेवायचा, कोपरे उचलत जायचे आणि सह्या करत जायच्या. शेऱ्यात काही लिहिलेलं असतं हेच त्यांना माहीत नव्हतं. सगळे तिथे ‘काही नाही’ लिहितात.

चौथ्या दिवशीचा माझा शेरा असा आहे: ‘स. ७.४०. प्रमुखांनी पत्रूभाऊंना पाण्याला पाठवले. ७.४४. घेर मोजताना प्रमुखांचा हात माझ्या कमरेवर. हात काढा असे सांगितले. ७.४६. पुन्हा.’ खाली त्यांची सही आहे, तारखेसह.

असे एकोणीस शेरे आहेत. ते सगळे इथे लिहीत नाही, ते का लिहीत नाही ते पुढे येईल. मी हा प्रकार कधी वाढवून लिहिला नाही आणि कधी सौम्यही केला नाही. ज्या दिवशी फक्त बोलले त्या दिवशी ते बोलले ते शब्द लिहिले. ज्या दिवशी काही झालं नाही त्या दिवशी ‘काही नाही’ लिहिलं. पुढे संस्थेच्या तक्रार समितीने मला विचारलं की असं होतं तर परत का आला नाहीत. मी सांगितलं, बासष्ट चौकोन मोजायचे होते आणि ते माझं काम होतं. काम सोडून त्यांनी जावं, मी का?

पत्रूभाऊंना हे कुणी सांगितलं नाही. दुसऱ्यांदा पाण्याला धाडलं तेव्हा ते वाटेतूनच परत आले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘मॅडम, कॅन त अर्धी भरून हाये. मंग मले पान्याले काऊन धाडते हा मानूस?’ मी फीत गुंडाळत राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग विडी विझवली. दुसऱ्या दिवसापासून ते दोन कॅन काठोकाठ भरून, कावडीने खांद्यावर घेऊन चालू लागले. सरांनी तोंड उघडलं की हे म्हणायचे, ‘पानी लय हाये, सायेब. आंगोय करता का?’ त्या माणसाने त्या उन्हात पाच आठवडे तीस लिटर पाणी उगाच वाहिलं. मी फॉर्मवर फीत धरणाऱ्याच्या जागी त्यांचं नाव लिहू लागले. सर संध्याकाळी फॉर्म तपासायच्या निमित्ताने माझ्या खोलीत येऊ लागले, तेव्हा नीलाबाईंनी आपली मातीची शेगडी अंगणातून उचलून माझ्या दारात मांडली. सर म्हणाले, इथे कशाला? त्या म्हणाल्या, ‘तिकडं वारा हाये. कागद तपासाचे हाये त बसा इथीच, धुरात.’ ते बसले नाहीत.

या दोघांना माझी ओळख होऊन आठवडा झाला होता. तुझी आणि माझी ओळख सहा वर्षांची.

एप्रिलमध्ये मी तक्रार दिली. सुनावणी एकोणीस ऑगस्टला लागली. तारीख सरांनी सुचवली होती. ज्याने तिकडे सहा पावसाळे काढले आहेत त्याला त्या दिवसांत पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी जातं हे सांगावं लागत नाही. नऊ दिवस रस्ता बंद होता. पत्रूभाऊ आणि नीलाबाई पलीकडे राहिले, आणि कागदावर ‘साक्षीदार गैरहजर’ असं आलं. सर शांतपणे म्हणाले, मुलगी हुशार आहे, रिसर्च पेपरवर तिसरं नाव लागणार म्हणून रागावली आहे, तिचं भविष्य खराब होऊ नये अशी माझी इच्छा आहे. एका सदस्याने मान डोलावली. दुसऱ्या बाईंनी मला चहा घेणार का विचारलं. मला विचारलं की काही लेखी पुरावा आहे का. मी म्हणाले, आज देणार नाही.

त्या उत्तराबद्दल बाबा अजून नाराज आहेत. पण मी मोजून उत्तर दिलं होतं. पेपर अजून छापून आला नव्हता. त्या दिवशी फॉर्म पुढे केले असते तर सरांनी म्हटलं असतं की ते मी तपासलेच नाहीत, आणि तो आकड्यांचा गठ्ठा कचऱ्यात टाकून मोकळे झाले असते. म्हणून मी थांबले. सप्टेंबरच्या अखेरीस पेपर आला. त्यात कार्यपद्धतीच्या तिसऱ्या परिच्छेदात त्यांनी छापलं आहे की प्रत्येक फॉर्म पथकप्रमुखाने त्याच दिवशी वाचून, पडताळून त्यावर सही केली. आता त्यांनी शेरे वाचले नाहीत असं सांगितलं तर पेपर खोटा ठरतो. वाचले म्हणाले तर त्या एकोणीस शेऱ्यांवर त्यांची सही आहे. मी नंतर लिहिले म्हणाले, तर त्यांच्याच फोनवरून दर शनिवारी गेलेले फोटो आहेत. मला त्यांचा चेहरा त्या वेळी बघायचा आहे. न्याय हवाच आहे, पण आधी ते बघायचं आहे.

दहा दिवसांपूर्वी समितीच्या दोघांनी माझ्यासमोर ऑफिसातलं कपाट उघडून मूळ फॉर्म ताब्यात घेतले. त्यात तुझेही चौदा होते. मी ते चाळले. पहिल्या पाच चौकोनांत फीत धरणाऱ्याच्या जागी सरांचं नाव आहे. सहाव्यापासून पत्रूभाऊंचं, माझ्या फॉर्मवर झालं तसंच. शेऱ्यात चौदाही ठिकाणी ‘काही नाही’. तुला मलेरिया झाला नव्हता, दीपाली. मला त्यातून एवढंच कळलं, आणि त्यासाठी मी तुला दोष दिला नाही. निघून जाणं हा तुझा हक्क होता. गप्प राहणंही, तुझ्यापुरतं.

पण परत आल्यावर तुला ऑफिसात संगणकावर बसवलं आणि फॉर्ममधले आकडे भरायचं काम दिलं. दर शनिवारी सर फोटो पाठवत, दर सोमवारी तू ते उघडून आकडे तक्त्यात घालत असायचीस. हे मला फेब्रुवारीपासून माहीत होतं. ते शेरे मी समितीसाठी लिहिले नव्हते. समितीचा विचारही तेव्हा माझ्या मनात नव्हता. त्या जंगलातून बाहेर जाणारा तेवढाच एक कागद होता आणि तो तुझ्यापुढे जात होता. मी ते तुला लिहीत होते. एकोणीस वेळा लिहिलं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात भामरागडला बाजाराला गेले तेव्हा फोनला रेंज आली आणि तुझा मेसेज दिसला. ‘चौकोन ३१ मध्ये शेवटच्या मोहाचा घेर २१२ आहे की २७२? नीट दिसत नाई.’ शेवटच्या मोहाची ओळ शेऱ्याच्या लगेच वर आहे. त्या शेऱ्यात मी काय लिहिलं होतं ते तुला आठवत असेल. फोटो मोठा करून तू एक आकडा वाचत होतीस आणि खालची सहा वाक्यं त्याच पडद्यावर होती. मी उत्तर दिलं, २१२. तू अंगठा पाठवलास. मग मी बाजारातून बटाटे घेतले आणि जीपमध्ये जाऊन बसले.

आता नोव्हेंबरच्या कॅम्पची यादी तू टाइप केली आहेस असं ऐकते. रोशनी आणि आचल, दोघीही तेवीस वर्षांच्या, पथकप्रमुख तेच. सुनावणीत सर सुटले तर पाच तारखेला जीप निघणार आहे. परवा आचलचा मला फोन आला होता, तयारीबद्दल विचारायला. तू तिला पायमोजे आणि मच्छरदाणी सांगितली आहेस. राहिलेलं मी सांगितलं. ती म्हणाली, ‘ताई, मंग दीपालीताईनं काऊन नाई सांगतलं?’ मी म्हटलं, सतरा तारखेला तिलाच विचारतील.

सतरा तारखेला, सकाळी अकरा वाजता, चंद्रपूरला दुसरी सुनावणी आहे. पत्रूभाऊ आणि नीलाबाई आदल्या दिवशी पोहोचतील, रस्ता आता चालू आहे. तिसरं नाव तुझं आहे. ते मी दिलं. तुला विचारलं नाही. नोटीस तुला बुधवारी मिळेल. तुला विचारतील की हे शेरे तू वाचलेस का. ‘नाही’ म्हणालीस तर एकतिसाव्या चौकोनाचा फॉर्म आणि तुझा मेसेज मी शेजारी शेजारी ठेवीन. ‘हो’ म्हणालीस तर मी ते शेरे कॅम्पवर असतानाच लिहिले होते हे तुझ्या तोंडून सिद्ध होईल, जीप निघणार नाही, आणि मग चार माणसांसमोर पुढचा, आचलने विचारला तोच प्रश्न येईल. म्हणून ते सगळे शेरे इथे पुन्हा लिहिले नाहीत. तुला ते पाठ असतील किंवा नसतील, दोन्ही मला तिथे कळेल. मी हे पत्र लिहिलं नसतं तर तू त्या खोलीत बेसावध आली असतीस, आणि खरं सांगते, मी आठवडाभर तसंच करायचं ठरवलं होतं. मग वाटलं, तुला आधी कळवावं. पुढे काय वाढून ठेवलं आहे ते आधी कळलं की माणूस कसा झोपतो, कसा जेवतो, काय काय तयारी करतो, ते तू चार दिवस करून बघ. मला जानेवारीत एक वाक्य पुरलं असतं.

तुझ्या जागेवर गेलेली,
रिना