कमानी रुंद करताना

५ फेब्रुवारी

ती. काका आणि काकू यांस,
ठिणगीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तुम्ही मनाने जोडता, म्हणून हे पत्र. आईच्या गुडघ्यांची कुरकुर सोडली तर घरी सगळं ठीक. तुम्ही ताईकडे राहायला गेलात तेव्हा वर्कशॉप जसं होतं तसंच आहे. हातोड्या भिंतीवर ओळीने, वेल्डिंगचा काळा चष्मा खिळ्याला. फक्त गिऱ्हाईक नाही. गाडी दारात थांबते, माणूस आत डोकावून तुमची चौकशी करतो, आणि आता डेंटिंग पुतणी करते म्हटलं की त्याला अचानक दुसरं काम आठवतं. जाताना तुम्ही म्हणाला होतात, जूनपर्यंत बघ, नाहीच जमलं तर शेजारच्या टायरवाल्याला जागा देऊन टाकू. तो मेला रोज येऊन डोळ्यांनीच भिंती मोजून जातो. काका, माझा जीव या वर्कशॉपमध्ये अडकलाय. मला शटर ओढायचं नाही.

तर डोक्यात एक खूळ आहे. तुम्ही मला दिलेल्या निळ्या गाडीला मागे रुंद चाकं बसवायची. हल्ली पोरं त्यासाठी वेडी झालीत आणि गावात ते काम करणारं कोणी नाही. चाकांवर पत्र्याच्या आहेत त्या कमानींत रुंद चाक मावणार नाही, म्हणजे कमानी कापायच्या, बाहेर फुगवायच्या, नवा पत्रा जोडायचा. मार्चअखेर मैदानात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन आहे, तिथे उभी करीन. बघू दे लोकांना माझ्या हातचं काम. तुमची परवानगी तेवढी हवी.

लोभ आहेच, तो निळ्या गाडीपेक्षा माझ्यावर जास्त असू द्या.

तुमची,
ठिणगी


१२ फेब्रुवारी

चि. ठिणगीस,
अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

परवानगी नाही. त्या गाडीचा कोपरान्‌कोपरा मी या हातांनी ठोकून सरळ केलाय. कमान म्हणजे तुला काय वरवरचा पत्रा वाटला? बाहेरचा एक आणि आतला एक, असे दोन पत्रे तिथे जोडलेले असतात. कापलंस की दोन्ही सुटतात. ते पुन्हा सबंध वेल्ड करून सांधा बुजवला नाहीस तर आत पाणी शिरतं आणि गंज धरतो. आधी दुसऱ्याच्या गाडीवर हात बसव असं लिहिणार होतो, पण तुला दुसऱ्याची गाडी देतंय कोण!

फारच हौस असेल तर कमानीची आतली कड तेवढी दुमड. रंगाला आधी चांगली ऊब दे, नाहीतर तडकेल. मग टायर आणि कड यांच्यामध्ये काकूचं जुनं लाटणं धर आणि गाडी हळूहळू पुढेमागे ढकलायला लाव. तेवढ्यात जे चाक मावेल ते बसव. कटर लावायचा नाही म्हणजे नाही.

आईला म्हणावं, गुडघे शेकत जा. आमची आठवण ठेव, आणि सांगितलेलंही लक्षात ठेव.

तुझा,
काका

ता. क. अगं, मी काकू. यांचं फार मनावर घेऊ नकोस. तुझं पत्र आल्यापासून वर्तमानपत्रांच्या कडांवर नुसत्या कमानी काढणं चाललंय. काल जावईबापूंच्या गाडीखाली शिरले होते, मी आणि ताईने पाय धरून ओढून काढलं. माझ्या लाटण्याला मात्र हात लावशील तर बघ.


२२ फेब्रुवारी

ती. काका,
सा. न. आणि वर दोन्ही कान धरलेत असं समजा.

तुमचा नकार पोचला तेव्हा मागची डावी कमान जमिनीवर पडली होती. आता एकच बाजू कापून कसं चालेल, म्हणून उजवीही कापली. रागवा, पण पुढचं वाचून मग रागवा. दोन्ही पत्रे तुम्ही लिहिलंत तसेच सबंध जोडले, सांधे बुजवले, बोट फिरवलं तर जोड लागणार नाही इतकं घासलं. चाक बसवलं तर वर चार बोटं जागा. मी वर्कशॉपमध्ये एकटीच नाचले.

मग मिरवायला म्हणून आईला आणि समोरच्या शिंपीणबाईंना मागे बसवून रस्त्यावर काढली. पहिल्याच गतिरोधकावर टायर कमानीला असा घासला की सगळी गल्ली बाहेर आली. जळक्या रबराचा वास सुटला. आई खाली उतरली आणि त्या गुडघ्यांनी चालत घरी गेली. टायरवाला पोट धरून हसत होता. आता तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो की पोरीने काकाची गाडी कामातून घालवली. मला खूप रडू आलं, काका. जागा तर मी जॅकवर गाडी असताना नीट मोजली होती. चुकलं कुठे?

माया पातळ करू नका, एवढंच मागणं.

तुमची,
ठिणगी


१ मार्च

चि. ठिणगीस,
आशीर्वाद. धपाटे समक्ष भेटीत.

दोन दिवस तुझ्याशी मनातल्या मनात भांडलो. काकूने जेवायला वाढताना ऐकवलं की, बोलायचंच असेल तर कागदावर बोला, भाताशी नको.

अगं वेडाबाई, जॅकवर चाक खाली लोंबतं, तेव्हा चार काय, सहा बोटं जागा दिसेल! उभ्या माणसाचं माप घेऊन विजार शिवलीस, तो खाली बसला आणि ती उसवली. गाडी सपाट जमिनीवर टेकव. मागची सीट गच्च भर, पण पोत्यांनी नको, माणसांनी. माणसं हलतात, कलतात, गप्पा मारताना एकीकडे झुकतात. टायरला भरपूर खडू फास आणि खड्ड्याखड्ड्यांतून हळू फिरव. कमानीला जिथे खडू लागेल तिथे अजून जागा कर, बाकी कुठे हात लावू नकोस. आईची समजूत काढून तिला बसव. शिंपीणबाईंना बसव. आणि त्या टायरवाल्यालाही बसव, चांगला वजनदार माणूस आहे.

सांधे बोटाला लागत नाहीत म्हणालीस, ते मी तीनदा वाचलं.

तुझा,
काका


२ एप्रिल

ती. काका आणि काकू,
सा. न., आणि आज जरा ताठ मानेने.

टायरवाला आधी आढेवेढे घेत होता. शिंपीणबाईंनी त्याला घाबरलास का म्हणून विचारलं, तेव्हा बसला. प्रत्येक खड्ड्याला तो ओरडायचा आणि आई त्याला गप्प बसायला सांगायची. वर्कशॉपमध्ये परतलो की सगळे खाली वाकून खडू कुठे लागलाय ते बघायचे. मी कापायची, जोडायची, पुन्हा हीच वरात. चौथ्या फेरीला कमानी कोऱ्या निघाल्या. टायरवाला इतका खूश झाला की जणू वेल्डिंग त्यानेच केलं होतं.

प्रदर्शनात पोरं गाडीखाली डोकी घालून सांधे शोधत होती. टायरवाला बाजूला उभा राहून त्यांना खडूची युक्ती समजावत होता! आज दारात तीन गाड्या उभ्या आहेत, तिन्ही कमानींच्याच कामाला. काका, जूनचं काय ते आता स्पष्ट कळवा. तुमचं पत्र येईपर्यंत घास गोड लागायचा नाही.

तुमच्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
ठिणगी


९ एप्रिल

चि. ठिणगीस,
आशीर्वाद, यावेळी नुसतेच आशीर्वाद.

टायरवाल्याला आजच कळवलंय की दुसरी जागा बघ. वर्कशॉप तुझं. जूनपर्यंत नाही, कायमचं. माझे हात हल्ली कापतात, हातोडी धरवत नाही, हे तुला कधी बोललो नव्हतो. तुझं पत्र वाचलं आणि काकूसमोर रडलो. लाज वाटली नाही.

आता कामाचं. जावईबापूंच्या गाडीला मागे रुंद चाकं बसवायची आहेत. ते नको नको म्हणताहेत, पण त्यांचं ऐकतो कोण! पुढच्या आठवड्यात आम्ही सगळेच गाडी घेऊन येतो, म्हणजे मागची सीट भरायला माणसंही झाली. तुझ्याकडे तीन गाड्या आधीच्या आहेत, तेव्हा माझा नंबर चौथा. काका म्हणून मध्ये घुसवू नकोस, लोक नावं ठेवतील. मी बाहेर बाकावर बसून राहीन.

तुझं गिऱ्हाईक,
काका