मैत्रीला बघायला आले होते

मॉरिसव्हिल, अमेरिका, १४ एप्रिल

प्रिय ताई,
तुला आणि घरातल्या सगळ्यांना मनापासून जयभीम.

मी ठणठणीत आहे. तुझा गुडघा कसा आहे?

मंगळवारी आपल्या मैत्रीला बघायला आले होते. घाबरू नकोस, एका कॉलेजच्या बास्केटबॉल टीमसाठी मुली निवडणारी कोच होती. पण सूनबाईंनी पोहे केले आणि ट्रे माझ्या नातीच्याच हातात दिला! कोचनं तिची उंची वाखाणली, दोनदा पोहे घेतले आणि म्हणाली, "शुक्रवारपर्यंत होकार हवा. नाहीतर दुसरी मुलगी तयार आहे."

आमचा धम्मदीप, पोरीचा बाप, लगेच मान डोलवायला लागला. पोरगी अजून शाळेत, अकरावीत, ते कॉलेज पाहिलेलंसुद्धा नाही!

ताई, तुझं लग्न ठरतानाही त्यांच्याकडे दुसरी मुलगी तयार होती, आणि तुझं बी.एस्सी. राहिलं. मी तेव्हा दहा वर्षांची, गप्प बसले. या वेळी नाही. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी शिकवलेल्या खणखणीत इंग्रजीत विचारलं, "तुमचं कॉलेज एवढं चांगलं आहे, तर घाई कसली?"

"आई, प्लीज!" धम्मदीप पुटपुटला. मैत्री मात्र हसली आणि म्हणाली, "आय वॉन्ट टू सी द कॅम्पस फर्स्ट."

शुक्रवार गेला, आम्ही होकार कळवला नाही, कोचचाही फोन आला नाही. धम्मदीप माझ्याशी मोजकंच बोलतो. खरं सांगते, थोडी धास्ती मलाही आहे. पण कॉलेजच्या काळजीनं महिनाभर अन्न चिवडणारी पोर काल पोटभर जेवली, आणि आता स्वतःच कॉलेजांची यादी करतेय. पहिलं कॉलेज बघायला मला नेणार आहे. अट एकच: "आजी, तू बोलायचं नाहीस."

बघू या.

तुझी,
कुमुद