पार्करची हूल

दुबई,
१२ डिसेंबर १९६७

जनाब अहमद युसुफ पारकर यांस,

अस्सलामु अलैकुम. सलामाचं उत्तर देणं प्रत्येकावर फर्ज आहे, म्हणून पहिल्याच ओळीत तुम्हाला अडकवून ठेवतो. मी खुशाल आहे. रमजान चालू आहे, थंडी बरी पडली आहे, खाडीत लाँचींची गर्दी आहे. तुमची खुशाली विचारत नाही, कारण ती मी छापलेली वाचली.

मी खैरुद्दीन. हर्णैचा. तुम्ही बोटीवर गेलात तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. मी आठवत नसेन तर हव्वाबीचा मुलगा म्हणा.

इथं मी एका अमेरिकन तेलकंपनीच्या कॅम्पात स्टोअरकीपर आहे. खिशावर नावाची पट्टी असते. दोन वर्षांपूर्वी कर्टिस नावाचा एक ड्रिलर दोरखंड न्यायला आला, पट्टी वाचली आणि म्हणाला, "काय पार्कर, तुझ्या भावानं परवा दोन टचडाऊन मारले." मी म्हटलं, साहेब, मी पारकर, 'ए' आहे, 'ई' नाही. तो हसला. दुसऱ्या दिवशी त्यानं मला वर्तमानपत्राचं खेळाचं पान आणून दिलं. त्यात अमेरिकन फुटबॉलच्या एका खेळाडूचा फोटो होता. लांबट चेंडू छातीशी धरलेला, एक पाय हवेत, आणि ज्याला तो चुकवतोय तो माणूस भुईवर लोळलेला. खाली नाव होतं जोसेफ पार्कर, रनिंग बॅक.

मी त्या मुलाच्या नादी लागलो. खोटं कशाला सांगू? आडनावाच्या एका अक्षरावर मी त्याला आपला मानला. कर्टिसला घरून पानं यायची, तीन-तीन आठवडे शिळी, ती वाचून झाली की माझ्याकडे. रनिंग बॅकचं काम काय ते मी त्याच्याकडून शिकलो. चेंडू हातात घ्यायचा आणि अंगावर येणाऱ्या अकरा माणसांतून जितकं पुढं जाता येईल तितकं जायचं. पडला की तिथून पुन्हा. एकेक यार्ड मोजतात. पहिल्या वर्षी, चौसष्टला, तो बहुतेक बाकावरच बसून होता. पासष्टला त्याला खेळवला, आणि मोसम संपेपर्यंत त्यानं हजार यार्ड काढले. सहासष्टला त्याहून जास्त. त्याचे फोटो मी स्टोअरच्या दारावर आतल्या बाजूनं चिकटवले. आमचा बावर्ची तय्यब म्हणायचा, "खैरू, हा काय तुला ईदी पाठवतो?"

त्याच्या एका चालीबद्दल सगळे लिहायचे. उजवीकडे सगळं अंग टाकायचं, समोरचा तिकडे झेपावला की डावीकडून निघून जायचं. पानापानांवर त्या चालीचं नाव यायचं, एच, ओ, ओ, एल. 'पार्करचा हूल'. मला वाटायचं, असेल काहीतरी अमेरिकन शब्द. कर्टिसला विचारलं, तर तोही म्हणाला, "मला काय माहीत, तुमच्या पार्करांचा शब्द असेल."

या ऑक्टोबरात त्याचा गुडघा गेला. चेंडू घेऊन वळला आणि कोणी हात न लावता खाली बसला. डॉक्टर म्हणाले, आता धावणं नाही. पंचविसाव्या वर्षी खलास. मी स्टोअरचं दार आतून लावून घेतलं आणि रडलो. हे मुद्दाम सांगतो आहे. तुमच्या मुलासाठी दुबईत कोणीतरी रडलं होतं, तो तुमचा मुलगा आहे हे कळायच्या आधी.

मग परवा ते मासिक आलं. त्याची सगळी कारकीर्द, सहा पानं. पाचव्या पानावर तुम्ही. पायरीवर बसलेले, डावा हात गुडघ्यावर, करंगळीशेजारचं बोट अर्धं. ते बोट मुंबईच्या गोदीत साखळदंडात गेलं हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. खाली लिहिलं होतं, वडील सॅम पार्कर, पूर्वी बोटीवर बल्लव, मूळ गाव हिंदुस्थानातलं हर्नी. हर्णै लिहिता आलं नाही त्यांना. तुम्ही सांगताना तरी नीट सांगितलंत का?

त्यात तुम्ही म्हणता, आमच्या गावाला आट्यापाट्या नावाचा खेळ असतो. जमिनीवर पाट्या आखतात, प्रत्येक पाटीवर एक राखण करणारा उभा असतो, त्याला हूल देऊन पार जायचं. पोरगा चार वर्षांचा होता तेव्हापासून अंगणात खडूनं पाट्या आखून मी त्याला शिकवलं. "हूल दे, हूल दे," असं ओरडायचो. आणि पुढचं वाक्य मी इंग्रजीतच पाठ केलं आहे, मराठीत एवढंच होतं: "मला एकुलता एक मुलगा. जे मला येत होतं ते सगळं त्याला दिलं."

एकुलता एक.

गावात मला म्हातारे सांगायचे, तुझा बाप पाटीत शिरला की कोणाच्या हाती लागायचा नाही. मी मात्र पहिल्याच पाटीवर मार खायचो. पोरं म्हणायची, अहमदचा मुलगा आणि हूल देता येत नाही? कोण शिकवणार होतं? चाळीस साली कंपनीचं पत्र आलं, बोट बुडाली, खलाशी सगळे गेले. मशिदीत तुमच्यासाठी दुआ झाली. आणि तुम्ही कुठल्यातरी दुसऱ्या बोटीवर चढून अमेरिकेत उतरला होतात, कोरडे कपडे घालून. एक ओळ लिहिली असतीत. पोस्टकार्ड तरी.

मुलाला नावही दादांचं, तुमच्या वडिलांचं, दिलंत. जोसेफ म्हणजे युसुफच ना? माझ्या मुलाचं नावही युसुफ आहे. आम्ही एका मेलेल्या माणसाच्या बापाचं नाव जपतोय असं समजून ठेवलं होतं.

रोज्यात जीभ आवरावी म्हणतात, हात आवरायचं कोणी सांगितलं नाही. आता शेवटची खबर. अम्मा वारली. दोन वर्षं झाली. तुमची वाट बघत गेली. तुम्ही आता सुखानं सॅम राहा.

तुमचा पत्ता नाही, म्हणून हे संघाच्या ऑफिसच्या पत्त्यावर टाकतोय.

खै. अ. पारकर


दुबई,
२८ मार्च १९६८

अहमद पारकर यांस,

सलाम पुन्हा घालत नाही, मागचाच तुमच्याकडे राहिला आहे.

माझ्या पत्राला जानेवारीत उत्तर आलं. जाड लिफाफा होता, स्टोअरचं दार लावून फोडला. आत तुमच्या मुलाचा फोटो निघाला, खाली सही, "दोस्ताला, शुभेच्छांसह, जोसेफ पार्कर." संघाच्या ऑफिसातली कोणी बाई मराठी अक्षरं बघून चाहत्याचं पत्र समजली असणार. मी शिव्या पाठवल्या आणि मला सही मिळाली. तय्यब हसून हसून खाली बसला. मला तेव्हा त्याचा गळा धरावासा वाटला.

म्हणजे तुम्ही ते वाचलं की नाही हे मला माहीत नाही. वाचलं असेल तर एक दुरुस्ती. अम्मा जिवंत आहे. तुम्ही सत्तावीस वर्षं मेल्याची हूल दिलीत, मीही एक देऊन बघितली. रमजानात दिली, त्याचा हिशोब माझा मी देईन.

आता मागच्या पत्रात जे टाळलं ते लिहितो.

अम्मानं तुम्हाला कधी मेला म्हणू दिलं नाही. कंपनीचं पत्र आलं तरी ती विधवेच्या इद्दतीला बसली नाही. हिरव्या बांगड्या काढल्या नाहीत, गळ्यातली काळी पोत काढली नाही. गावानं तिचं नाव वेडी हव्वाबी पाडलं. मी त्या नावाखाली वाढलो, आणि मला तुमचा नाही, तिचा राग यायचा. बासष्टला माझं लग्न झालं. निकाहाच्या वेळी खतीबांनी वडिलांचं नाव विचारलं, तेव्हा मी मोठ्यानं म्हटलं, "मरहूम अहमद युसुफ पारकर." मरहूम, म्हणजे मेलेला, हा शब्द तिला ऐकू जावा म्हणूनच मोठ्यानं म्हटला. ती बायकांतून उठली आणि घरी गेली. जेवली नाही. त्या दिवसापासून ती माझ्याशी सरळ बोलत नव्हती. जे असेल ते माझी बायको रुकय्या हिच्यामार्फत. पाच वर्षं. मी रजेवर जायचो, ती माझ्या समोर बसून म्हणायची, "रुकय्या, त्याला विचार चहा हवा काय."

खरं बोलणारी ती एकटीच होती आणि मी भर मांडवात तिला खोटं पाडलं. मासिकातला तुमचा फोटो बघितला तेव्हा आधी हे आठवलं. राग तुमच्यावर काढणं सोपं होतं.

बकरी ईदला गावी गेलो. अम्मा दारात सुकट निवडत होती. मी रुकय्याला म्हटलं, "अम्माला सांग, अब्बा जिवंत आहेत. अमेरिकेत."

अम्माचे हात थांबले नाहीत. "माला ठाव हाय," ती म्हणाली. मला म्हणाली, रुकय्याला नाही. "पुढचं बोल. बायको केलान?"

"हो."

"पोरं किती?"

"एक."

मी जोसेफचा तो सहीचा फोटो पुढं केला. तिनं हात पदराला पुसले आणि बराच वेळ बघितला. रंग त्याच्या आईचा असेल, पण हनुवटी पारकरांची आहे. मग तिनं त्याच्या हवेतल्या पायावर बोट ठेवलं. "असाच जायचा," म्हणाली. "मला वाटायचं, खेळतोय."

गुडघ्याचं सांगितलं तेव्हा एवढंच म्हणाली, "पोराचा काय गुन्हा."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो फोटो आणि मासिक घेऊन ती स्वतः खतीबांकडे गेली. मी मागोमाग. म्हणाली, निकाहाच्या वहीतला तो 'मरहूम' शब्द खोडा. ते म्हणाले, "हव्वाबी, शिरस्त्राण घातलेल्या पोराच्या फोटोवर शब्द कसा खोडू? या सॅमचा आणि आपल्या अहमदचा संबंध काय? अहमदच्या हातचा कागद आण." फोटो आणि मासिक उचलून ती निघाली. वाटेत मी तिला म्हटलं, अम्मा, माझं चुकलं. सत्तावीस वर्षं तू त्यांची वाट बघितलीस आणि मी...

ती रस्त्यातच उभी राहिली.

"वाट कोण बघीत होता?" म्हणाली. "माझा राग होता त्याच्यावर. बंदरावर गेला तेव्हा मागं वळून बघितलान नाय. तेव्हाच मी समजले, हा काय परत येत नाय. मेलेल्यावर राग धरता येत नाय बाबा, त्याच्यासाठी दुआ मागायला लागते. म्हणून मेला म्हणू दिला नाय." मग म्हणाली, "तू लिव त्याला. तो जिता हाय असं त्याच्या हातनं लिवून आण. मग मी त्याला सोडतंय. मेलेल्या माणसाला सोडता येत नाय."

तेव्हा आता नीट वाचा. तुमचे पैसे नकोत, तुमची माफी नको, तुम्ही यायला तर नकोच नको. एक कागद हवा. तुम्ही हर्णैच्या मराठी शाळेत चौथीपर्यंत होतात, तेवढं पुरेल. त्यावर लिहा की मी अहमद युसुफ पारकर जिवंत आहे, आणि हव्वाबीनं खुला, म्हणजे बायकोकडून फारकत, मागितली आहे ती मला कबूल आहे. सही मराठीत करा. सॅम म्हणून केलीत तर खतीब मानणार नाहीत, आणि मीही नाही.

या वेळी लिफाफ्यावर कर्टिसनं इंग्रजीत लिहून दिलं आहे, हे चाहत्याचं पत्र नाही, जोसेफनं स्वतः आपल्या वडिलांच्या हातात द्यावं. आत काय आहे ते त्याला माहीत नाही. मी तीन महिने थांबेन. तोवर कागद आला नाही तर पुढचं पत्र मी त्याला लिहीन, इंग्रजीत. तो एकुलता एक नाही हे त्याला माझ्याकडून कळलेलं बरं की तुमच्याकडून, ते तुम्ही ठरवा. त्याचे फोटो मी दारावरून काढलेले नाहीत. त्याच्यावर माझा राग नाही, त्याला फक्त तुम्ही जे शिकवलंत ते आलं.

अम्माच्या हातात अजून बांगड्या आहेत. तुमचा कागद आला की ती स्वतः काढणार आहे.

तुम्ही आयुष्यभर सगळ्यांना चुकवलंत. आता त्या शेवटच्या पाटीवर ती उभी आहे.

खैरुद्दीन ______ अहमद पारकर

(मधली जागा मी कोरी सोडली आहे. तिथं मी एकदा जो शब्द घातला होता तो खोडायचा की ठेवायचा, ते तुमच्या अक्षरावर आहे.)