पाटीवरची पाचवी रेघ

४ मार्च, सोमवार

प्रिय धाकट्या,

तू बरा असशील. आम्ही ठणठणीत. नऊ वर्षांनी ताईचं पत्र बघून आधी पाकीट उलटसुलट करशील, मग चहा ठेवशील आणि मगच फोडशील, मला माहीत आहे.

कारखाना जोरात आहे. आठ ट्रम्पेटांचं काम हाती आहे. भोंगे मीच घडवते: पितळी पत्रा कापायचा, वळवून सांधा झाळायचा, लोखंडी साच्यावर ठोकायचा. काठाला टिचकी मारली की सूर कसा भरून येतो! माझा हात बाबांपेक्षा सरस आहे, हे बाबा सोडून सगळे कबूल करतात. परवा तेही वठणीवर आले. म्हणाले, "यापुढे भोंग्यावर ठसा तुझ्या नावाचा."

खरं तर मी उड्या मारायला हव्या होत्या. पण भट्टीवरच्या खिळ्याला तो तडकलेला भोंगा अजून टांगलेला होता. तुझ्या हातून लेथवर फिरवताना तडकला, असं सगळे म्हणतात तो.

आता आढेवेढे पुरे. ठोकून पितळ ताठर होतं, तापवून मऊ केल्याशिवाय पुढे जायचं नाही आणि दर तापवण्याला पाटीवर एक रेघ, हा आपला नियम. त्या दिवशी मला घाई होती. पाचवी रेघ मी ओढली, पण भोंगा तापवलाच नाही. तू विचारलंसही, "ताई, पाच झाल्या ना?" मी म्हटलं, "दिसत नाही का?"

तू भोंगा लेथवर चढवलास आणि तो तडकला. बाबांनी पाटीवरच्या रेघा मोजल्या, पाच भरल्या आणि ते तुझ्यावर कडाडले, "हात आहेत की फावडी!" मी मिठाची गुळणी धरून उभी राहिले. संध्याकाळी तू बॅग भरलीस.

आज सकाळी बाबांना सगळं सांगितलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. स्टुलावर चढून त्यांनी तो भोंगा स्वतः उतरवला, मला हात लावू दिला नाही. मग म्हणाले, "त्याला लिही. माझं अक्षर आता हलतं."

"काय लिहू?"

"लिही, म्हातारा रेघा मोजत बसला, पत्रा बघितलाच नाही."

मला माफ कर. ठसा अजून करायला टाकलेला नाही. त्यावर दोन नावं मावतात, मी मोजून बघितलंय. तुझं घालू का, तेवढं कळव.

पाचव्या रेघेची धनीण,
तुझी ताई