कढीपत्त्याच्या मरणास मीच जबाबदार

मी, अमृतराव पिराजी टेकाळे, वय वर्षे त्र्याहत्तर, कृषी खात्यातून सेवानिवृत्त, राहणार औसा रोड, लातूर, हे मृत्युपत्र स्वखुशीने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. त्यांनी माझी बाग पाहिलेली नाही.

१. माझे राहते घर व बँकेतील ठेव माझी एकुलती एक मुलगी सौ. पुनम, राहणार नांदेड, हिला मिळावी. ती घर विकून टाकेल हे मला माहीत आहे, तिने खुशाल विकावे. फक्त घर दाखवायच्या दिवशी गच्चीवरच्या पिंपाचे झाकण उघडू नये.

२. जावई श्री. आनंदराज यांनी वास्तुशांतीला भेट दिलेली प्लास्टिकची तुळस त्यांना परत द्यावी. तेव्हा मी चार लोकांत त्यांची टिंगल केली होती. आजमितीस माझ्या घरात जगलेले ते एकमेव झाड असल्याने ती टिंगल मी मागे घेतो.

३. गच्चीवरचे दोनशे लिटरचे निळे पिंप ज्याला उचलता येईल त्याने न्यावे. त्यात जीवामृत करतात. दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, वडाखालची मूठभर माती, बाकी पाणी. पिंप सावलीत ठेवून सकाळ-संध्याकाळ ढवळावे, आठवड्याच्या आत संपवावे आणि कुंडीत घालताना दहापट पाणी मिसळावे. हे मी बत्तीस वर्षे गावोगाव शेतकऱ्यांना सांगितले. घरी मात्र तीन आठवड्यांचे जीवामृत पाणी न घालता दिले, कारण घरी तपासायला साहेब येत नव्हते. कॉलनीच्या अध्यक्षांनी वासाबद्दल केलेली लेखी तक्रार खरी होती. तिला मी दिलेले चार पानी उत्तर खोटे होते.

४. खतांच्या नोंदींची माझी वही पुनमने ठेवावी, पण पुढील दुरुस्त्यांसह. केळीच्या सालीत पालाश असते, फुलाफळांना ते लागते, हे बरोबर. पण सालींचे पाणी घट्ट झाकणाच्या डब्यात भरून उन्हात ठेवू नये. माझा डबा फुटला तेव्हा दोरीवर सिंधुच्या, म्हणजे माझ्या कै. पत्नीच्या, सहा साड्या वाळत होत्या. तसेच भुईमुगाची पेंड कुंडीला चमचाभर पुरते, मी ओंजळीने घातली. जास्वंद माझ्या डोक्याच्या वर गेली आणि दोन वर्षे तिला एक फूल आले नाही. नत्र जास्त झाले की झाड नुसती पाने काढते, यावर मी आकाशवाणीवर बोललो आहे.

सिंधु म्हणायची, "अवो, लेकराला बी भूक लागल्यावर जेवू घालतेत. किती घालून राहिले तुम्ही?" ती स्वतः डाळ-तांदूळ धुतलेले पाणी आणि चहाचा धुतलेला चोथा एवढेच घालायची. तिची झाडे जगायची. मी ते नशीब समजत असे.

५. हे कलम लिहिण्यासाठीच खरे तर मी मृत्युपत्र करत आहे. बाकीची सजावट आहे.

शेजारी श्री. वीरण्णा शिवशंकर हलकुडे, डाळ मिलमधले निवृत्त मेकॅनिक, आणि मी वीस वर्षे संध्याकाळचा चहा सामाईक भिंतीवर कप ठेवून प्यायलो. माझ्या खतासाठी ते मिलमधून तुरीच्या चुनीचे पोते आणून द्यायचे. त्या भिंतीलगत अर्ध्या कापलेल्या पिंपात सिंधुने माहेराहून, अर्धापूरहून, आणलेला कढीपत्ता होता. दोन्ही घरांच्या फोडण्या त्यावर चालत.

मे २०१४ मध्ये पुनमच्या बाळंतपणासाठी आम्ही आठ दिवस नांदेडला जाणार होतो. आदल्या संध्याकाळी गल्लीतल्या लग्नात मठ्ठा उरला. कढीपत्त्याला आंबट ताक मानवते हे घरोघरी ठाऊक असते. मठ्ठ्यात मीठ असते हेही घरोघरी ठाऊक असते. मी दोन बादल्या भरून आणल्या, कोणाला न विचारता पिंपात ओतल्या आणि कौतुकाने झोपलो. सकाळी वीरण्णांना झाडांना पाणी घालायला सांगून एसटीत बसलो.

परत आलो तेव्हा झाडाचा खराटा झाला होता. वीरण्णा भिंतीशी हसत उभे होते. म्हणाले, "आजोबा झालाव की! पेढे कुठंयत?"

मी म्हणालो, "पेढे राहू द्या. तुमच्या बोअरच्या खाऱ्या पाण्यानं झाड मारलंत तुम्ही."

एवढ्यावर मी थांबलो नाही. मातीचा नमुना तपासायला दिला. क्षार प्रमाणाबाहेर, असा अहवाल आला. तो मी भिंतीशी उभे राहून गल्लीला ऐकू जाईल असा वाचला. नोकरीत माझे एवढे बिनचूक निदान कधी झाले नव्हते, फक्त आरोपी चुकला. वीरण्णा म्हणाले, "असंल, साहेब," आणि कप घेऊन आत गेले.

त्याच आठवड्यात लग्नातला आचारी भेटला. "साहेब, मठ्ठ्यात मीठ दोनदा पडलं होतं, म्हणून तर उरला." मी तीनदा भिंतीपर्यंत गेलो आणि तीनदा परत आलो. चूक मान्य करायची मला सवय नव्हती, कृषी खात्याचा माणूस म्हणून मिरवायची होती. अकरा वर्षे आमचे बोलणे नाही. सहा वर्षांपूर्वी सिंधु गेली. तेव्हा ते खांदा द्यायला आले, आणि तेव्हाही मी बोललो नाही. याची मला लाज वाटते.

वीरण्णा, झाड मी मारले. तुम्ही पाणी घालत होता. हे मी मेल्यावर वाचले जावे अशी व्यवस्था केली आहे, म्हणजे मला तुम्हाला तोंड दाखवावे लागणार नाही. मी भित्रा आहे, हेही यात नोंदवून ठेवतो.

६. माती तपासायचे माझे मीटर वीरण्णांना द्यायचे मनात होते. परंतु ॲड. दयानंद यांच्या सल्ल्याने, ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार असू नये. मला ते साक्षीदार हवे आहेत. त्या निमित्ताने तरी ते अकरा वर्षांनी माझ्या घरात पाऊल ठेवतील. सबब मी त्यांना काहीही देत नाही. साक्षीदाराने मजकूर वाचण्याची गरज नसते, फक्त सही पाहायची व सही करायची, असेही वकिलांनी सांगितले आहे. वकील काल विचारून आले. वीरण्णा "येतो" म्हणाले.

वरील मजकूर माझा असून मला मान्य आहे.

ठिकाण: लातूर
दिनांक: १४ जुलै २०२५

(सही) अमृतराव पिराजी टेकाळे

साक्षीदार १: (सही) ॲड. दयानंद

साक्षीदार २ यांनी सहीच्या आधी स्वतःच्या हाताने लिहिलेला मजकूर:

तुम्ही अन् वकीलसाहेब आत चहा आणायला गेलाव तवर मी सगळं वाचलं. साहेब, तुम्ही नांदेडला गेलाव त्याच सकाळी मला पिंपात मातीवर जिरं अन् कोथिंबीर दिसली. मीठ धुऊन निघावं म्हणून रोज धा बादल्या घातल्या, खालून पाणी वाहीपर्यंत. न्हाई वाचलं. वहिनींनी बी आल्या आल्या वळखलं. म्हनल्या, भाऊजी, ह्यांना कळू देऊ नका, जन्म खतं शिकवण्यात गेला, लई लागंल त्यांना. मी हाव म्हनलो. त्या गेल्यावर बी शब्द मोडला न्हाई. तुम्ही आपून सांगताल म्हणून वाट बघून राहिलो.

हा कागद तुम्ही मेल्यावर उघडायचा म्हणे. मी तुमच्याहून चार वर्षांनी मोठा हाय. मी कवा वाचला असता?

(सही) वीरण्णा शिवशंकर हलकुडे