गुडघ्याची फाईल

३ मार्च. सकाळी ६.१०
आजपासून नोंदी. कारण, बायकोच्या गुडघ्याचं काम मी स्वतःच्या हातात घेतलं आहे. हाडांचे डॉक्टर म्हणाले, उजवा गुडघा बदलावा लागेल, तोही सहा महिन्यांच्या आत, नाहीतर डावाही त्याच्या मागे जाईल. खर्च आवाक्याबाहेरचा. पण सरकारी आरोग्य अनुदान आहे आणि त्याच्या पात्रतेच्या नऊ अटी आहेत. मी एकतीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात हेडक्लार्क होतो. नऊ अटी म्हणजे माझ्या हातचा मळ.
संकल्प: पंधरा दिवसांत मंजुरी.
बायको म्हणाली, साडूंना विचारा, त्यांना हर्नियाच्या वेळी मिळालं होतं. साडू बसवर कंडक्टर होते. तिकीट फाडणं वेगळं, फाईल उभी करणं वेगळं. विचारणार नाही.

५ मार्च
नियमपुस्तिका आणली. दोनदा वाचली. भाषा ढिसाळ. पेन्सिलीने सोळा दुरुस्त्या केल्या.
अट पहिली: अर्ज रुग्णाने स्वतःच्या नावाने करावा. ही अट ज्यांना कोणी नाही त्यांच्यासाठी असणार. घरात जाणता माणूस असताना रुग्णाला कशाला दगदग? कुटुंबप्रमुख या नात्याने अर्ज मी करतो.
पॅसेजमध्ये स्टुलाला ठेचकाळलो. स्वयंपाकघर ते बाथरूम एका दमात जमत नाही म्हणून हिने मध्येच स्टूल ठेवलंय, टेकायला. अडचण होते. उचलून बाल्कनीत ठेवलं.

६ मार्च
स्टूल पुन्हा पॅसेजमध्ये.

९ मार्च. दुपारी
अर्ज तयार. फॉर्म एक पानाचा, सोबतचं पत्र अकरा पानांचं. सुरुवात खात्यातल्या माझ्या अनुभवापासून केली आहे, गुडघा सातव्या पानावर येतो. पार्श्वभूमी कळल्याशिवाय गुडघ्याचं गांभीर्य कळणार नाही.
व्यवसायाच्या रकान्यात आधी ‘निवृत्त’ लिहिलं. वाचून बरं वाटेना. खोडून ‘सल्लागार’ लिहिलं. खोटं नाही. अख्ख्या बिल्डिंगला मी सल्ला देतो, न मागताही देतो.

१२ मार्च
तीन नंबरची खिडकी. खिडकीवरच्या बाई केसांच्या अंबाड्यात पेन्सिल खोचून बसतात. त्यांनी पत्र उलटंपालटं केलं, वाचलं नाही. फक्त विचारलं, या पत्त्यावर पाच वर्षं सलग राहताय ना?
एका शब्दात ‘हो’ म्हणून निघून येणारे लोक असतात. मी त्यांतला नाही. मी सांगितलं की दोन वर्षांपूर्वी मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही चार महिने तिच्याकडे होतो, तेव्हा ‘सलग’ या शब्दाची व्याख्या आधी स्पष्ट व्हावी, ती पुस्तिकेत नाही. बाईंनी अंबाड्यातून पेन्सिल काढली आणि फॉर्मवर काहीतरी लिहिलं.
आता दोन कागद जास्त लागणार. एक प्रतिज्ञापत्र, आणि मुलीच्या गावच्या कार्यालयाचा दाखला, की तिथे आम्ही अनुदान घेतलेलं नाही.
रांगेतले लोक मागे कुजबुजत होते. एवढं सखोल बोलणं त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं असणार.

१३ मार्च
मुलीचा फोन. तिने विचारलं, बाबा, बाळंतपणाचं त्या बाईंनी विचारलं होतं का? मी म्हटलं, प्रश्न तो नाही. ती म्हणाली, मग आईला द्या फोन.

१९ मार्च
पंधरा दिवस काल संपले. हरकत नाही. पंधरा दिवस हे कामकाजाचे धरायचे होते, तसं लिहायचं राहिलं.

२६ मार्च
दाखला नाही. पत्रपेटी सकाळपासून पाच वेळा पाहिली. पोस्टमन अकराला येतो हे ठाऊक आहे, तरी पावलं वळतात. बसलं की उठावंसं वाटतं, उठलं की कुठे जायचं ते कळत नाही. बायको म्हणाली, एका जागी बसा, तुमच्याकडे बघून माझा गुडघा ठणकतो.

२ एप्रिल
दाखला आला. नावात चूक. परत पाठवला.

११ एप्रिल
दाखला आला, बरोबर. पण कार्यालयाचं नवं पत्रही आलं: सल्लागार या व्यवसायापासूनचं वार्षिक उत्पन्न कळवावं, अट चौथी. म्हणजे माझं पत्र कोणीतरी वाचतंय. उत्साह आला.
लगेच कळवलं की माझा सल्ला अमूल्य असून मी त्याचं मोल घेत नाही.

२० एप्रिल
कार्यालयाचं उत्तर: ‘अर्जदाराच्या उत्पन्नाचं मूल्य निश्चित करता येत नाही.’ तेच तर मी म्हणत होतो. पण सूर वेगळा वाटतो.
मेहुणी आली होती, हिची धाकटी बहीण. दोघी स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलत होत्या. मी गेलो तर मेहुणीने स्टूल पुढे केलं आणि बसा म्हणाली. उभाच राहिलो.

२७ एप्रिल. दुपारी ४
वैद्यकीय तपासणी झाली. तीन डॉक्टर, एक लांब टेबल. हिला आठ पावलं चालायला लावलं. चांगली चालली, ओठ घट्ट मिटून. मधल्या डॉक्टरने विचारलं, जिने चढता येतात का?
ही शब्द जुळवत होती. तिचं म्हणणं नीट मांडलं जावं म्हणून मीच सांगितलं, आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही, ही रोज चढ-उतार करते, कधी तक्रार नाही, माझ्या देखरेखीखाली व्यायामही चालू आहे. बायकोचं कौतुक चारचौघांत करायला मी कधी लाजलो नाही.
डॉक्टरांनी लिहिलं: हालचाल समाधानकारक.
टॅक्सीत ही खिडकीबाहेर बघत होती. दोन मजले चढायला आम्हाला पंचवीस मिनिटं लागली. पहिल्या मजल्याच्या वळणावर ती कठडा धरून थांबली. मी पुढे चार पायऱ्या गेलो होतो, मागे वळलो. दम खात ती म्हणाली, “त्यांनी मला विचारलं होतं.”
बस, एवढंच.
पुस्तिका पाहिली. अट सहावी: आधाराशिवाय जिना चढू न शकणारे रुग्णच पात्र. हे तपासणीच्या आधी बघायला हवं होतं. पण कालपर्यंत मी पाचव्या अटीतल्या स्वल्पविरामावर होतो.

६ मे
अर्ज नामंजूर. तीन कारणं: पहिली, चौथी आणि सहावी अट. नऊपैकी सहा अटींत आपण उत्तीर्ण. हे कोणी बघत नाही.
संकल्प: अपील. मुदत दोन महिने. घरी एकाग्रता होत नाही, उद्यापासून वाचनालय.

१८ मे
वाचनालय. अपील बावीस पानांवर. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ डुलकी काढतात, तरी त्यांना दोन पानं वाचून दाखवली. जागे झाल्यावर प्रभावी आहे म्हणाले.

२१ मे
दुपारी घरी आलो तर कुलूप. पायरीवर दीड तास बसलो. मग ही आली, एका बाजूने मेहुणी, दुसऱ्या बाजूने साडू. कुठे गेला होतात विचारलं तर मेहुणी म्हणाली, जरा काम होतं. म्हणजे ही घराबाहेर पडू शकते. आनंद आहे, पण अपिलातला पंधरावा मुद्दा कमकुवत होतो. पुन्हा जाऊ नकोस असं सुचवलं. तिने ऐकलं असावं, पॅसेजमधल्या स्टुलावर टेकून पाणी पीत होती.

२९ मे
पुन्हा कुलूप.

१६ जून. सकाळी ११.२०
मंजूर!
पाकीट जिन्यातच फोडलं. ‘अनुदान मंजूर करण्यात येत आहे’ एवढं वाचलं आणि पुढचं दिसेना. तळमजल्यावरच्या शिंप्याला सांगितलं, वॉचमनला सांगितलं. आश्चर्य म्हणजे अपील अजून पाठवलेलंही नाही. पण मी अपील करणार असल्याची कुणकुण कार्यालयाला लागली असणार. खात्यात असं होतं, माझ्याच फायलींचं झालेलं आहे.
साडूंना फोन केला. समजावून सांगितलं की असं काम चिकाटीने होतं, रांगेत उभं राहून नव्हे. साडूंनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, पत्र ताईंच्या हातात द्या.

त्याच दिवशी. दुपारी
पत्र हिच्या नावावर आहे.
अर्ज हिने केला होता, २१ मेला. एक पान. व्यवसाय गृहिणी. पाच वर्षं सलग राहता का, हो. साडू रांगेत उभे राहिले, मेहुणीने हिला बाकावर बसवलं, पाळी आल्यावर ही उठून खिडकीशी गेली. त्याच अंबाडेवाल्या बाई. २९ तारखेला नवी तपासणी झाली. जिना चढता येतो का, तर ही म्हणाली नाही. कसं चढता, तर म्हणाली, बसत बसत.
मी विचारलं, मला का नाही सांगितलं?
“सांगितलं असतं तर तुम्ही तपासून दिला असता.”
राग नव्हता तिच्या आवाजात. असता तर बरं झालं असतं, उत्तर देता आलं असतं.
पत्राच्या तळाशी एक सूचना आहे. एका कुटुंबाची एकच फाईल चालते. माझा आधीचा अर्ज आणि अपिलाचा हक्क मी लेखी मागे घ्यायचा, दहा दिवसांत. नाहीतर हिची मंजुरी अडकणार. हिने कोरा कागद आणि पेन टेबलावर ठेवलं.

१७ जून
माघारीच्या पत्राचा मसुदा. चार पानं झाली. कोणत्या परिस्थितीत माघार घेतोय ते रेकॉर्डवर यायला हवं.

२० जून
मसुदा अडीच पानांवर आणला.

२३ जून. सकाळी ७
रात्रभर ही कण्हत होती. उशी तोंडाशी धरून, मला ऐकू जाऊ नये म्हणून. मी जागाच होतो. तिला वाटलं झोपलोय.
पहाटे उठून लिहिलं: ‘मी माझा अर्ज व अपिलाचा हक्क मागे घेत आहे.’ खाली सही. एवढ्याशा ओळीत कुठे दुरुस्ती करायची तेच सापडेना. बायकोने वाचलं, घडी घातली, साडूंकडे पाठवलं.
अपिलाची बावीस पानं कपाटावर ठेवली आहेत. कोणाला गरज लागली तर.

८ जुलै. दवाखाना
ऑपरेशन साडेनऊला सुरू झालं. मी व्हरांड्यात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फेऱ्या मारल्या, एकशेचौदा. नंतर मोजायचं विसरलो.
बाराला डॉक्टर बाहेर आले आणि साडूंचं नाव घेतलं. संपर्काचा माणूस म्हणून हिने त्यांचंच नाव दिलं होतं. मीही पुढे झालो. डॉक्टरांनी मी कोण ते विचारलं. साडू म्हणाले, पेशंटचे मिस्टर. डॉक्टर म्हणाले, अच्छा, गुडघा छान बसलाय. हे त्यांनी साडूंनाच सांगितलं, पण मला ऐकू आलं.
चार वाजता ही पूर्ण शुद्धीवर आली. वॉर्डच्या दारातून दिसत होती, चेहरा सुकलेला, केस विस्कटलेले. नर्स म्हणाली, पेशंटजवळ एकाच माणसाला थांबता येईल, नियम आहे, कोण थांबणार ते पेशंटला विचारते. मी शर्ट नीट केला.
नर्स आत गेली, वाकून विचारलं. हिने दाराकडे पाहिलं. माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, असं मला वाटतं. मग ती काहीतरी म्हणाली आणि नर्स बाहेर येऊन म्हणाली, “धाकटीला बोलावलंय.”
मेहुणी आत गेली. दार लागलं.
नियम कुठे लिहिलाय ते मी विचारलं नाही. बाहेर एकच बाक होता. साडूंनी सरकून जागा करून दिली. बसलो.