खडीवरचं गाणं

अहमदपूर, जि. लातूर
२८ मार्च १९८३

प्रिय सिंधु,

जयभीम. हे पत्र चुलीपाशी लपवून वाचू नकोस. शेषेराव गुरुजींसमोर वाच, पाहिजे तर त्यांनाच मोठ्यानं वाचायला लाव. तुझ्या नवऱ्यापासून लपवावं असं यात काही नाही. त्यांना झोंबावं असं मात्र बरंच आहे.

वर जिल्हा लातूर लिहिलंय बघ. हात अजून सवयीनं उस्मानाबादकडेच जातो. नवा जिल्हा झाल्यापासून इथल्या माणसांची चालच बदलली आहे. जयंती समितीचा आपला नरसिंगदादा आता शर्ट खोचून फिरतो. परवा मला बोलावून सांगत होता की यंदा चौदा एप्रिलला बाहेरचा ऑर्केस्ट्रा ठरलाय, जिल्ह्याचे साहेब येणार, तेव्हा बायकांचा जलसा नको. हवं तर मी त्यांच्या कोरसमध्ये मागं उभी राहू शकते. मी म्हटलं, मागं उभं राहायला मला कुणी शिकवलंच नाही. बिचारा चहा अर्धा टाकून उठला.

तुला आठवतं ना, आपल्या वस्तीत जे जे पहिल्यांदा आलं ते चौदा एप्रिललाच आलं. लिंबावर पहिला भोंगा चढला तो त्याच दिवशी. आपण खडीच्या कामावर गायला शिकलेल्या, माईकपुढंही तशाच पोटातून गायलो, आणि माईकवाला माईक मागं सरकवत सरकवत मांडवाबाहेर गेला. दोन धोतरं जोडून पहिला सिनेमा दाखवला तोही जयंतीलाच. पडद्यावर समुद्र आला तशी धोंडामावशी उठली आणि हात लावून आली. कोरडंच हाय, असं वर्षभर सांगत होती.

पण सगळ्यात पहिलं ते दुष्काळातलं. रस्त्याच्या कामावर आपण खडी फोडत होतो आणि मुकादमानं जयंतीची सुट्टी नाकारली. पाण्याच्या रांजणाला आपला हात लागायचा नाही, ओंजळ धरायची आणि त्याच्या माणसानं वरून ओतायचं. दुपारी भाकरी खाऊन झाल्यावर धोंडामावशी म्हणाली, "सुट्टी न्हाई तर न्हाई. तोंड तर आपलंच हाय." तेवढं पुरलं. आपण दोघी खडीच्या ढिगावर चढलो. मी विचारलं, "सांग गं बाई, पाणी कुणाचं?" आणि तू मुकादमाकडं बघत उत्तर दिलंस, "तहान लागली त्याचं गं, तहान लागली त्याचं." खाली बायांनी हातोड्यांवर ठेका धरला. आपली त्या दिवसाची हजेरी गेली, पण संध्याकाळी बायांनी रांजणात स्वतःच्या हातानं तांब्या बुडवला आणि मुकादम नुसता बघत राहिला.

आता गुरुजी म्हणतात की मास्तराच्या बायकोनं रस्त्यावर गाऊ नये. गुरुजी, ऐकताय ना? तुम्ही शिकलात, नोकरीला लागलात, त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण ज्या रस्त्यानं तुम्ही एसटीत बसून नोकरीच्या गावी मुखेडला जाता त्याची खडी हिनं फोडलीय, गात गात. आणि सिंधु, तू मुकादमाला भ्याली नाहीस ती घरच्या माणसाच्या एका वाक्यानं गप्प बसलीस? मला त्यांचा राग येतो, तुझा त्याहून जास्त येतो, आणि तुझी आठवण रागापेक्षाही जास्त येते.

तोच रस्ता आता नव्या जिल्ह्यासाठी रुंद करताहेत. समितीच्या स्टेजसमोरच खडीचा ढीग पडलाय. चौदा तारखेला ऑर्केस्ट्रा सुरू व्हायच्या आधी, दिवसाउजेडी, मी त्यावर चढणार आहे. माईक नको. धोंडामावशीचे गुडघे गेलेत, पण हातोडा घेऊन खाली बसते म्हणाली. तुझी ओळ दुसऱ्या दोघीतिघी मागत होत्या. मी दिली नाही, देणारही नाही. मी एकदाच विचारीन, पाणी कुणाचं, आणि गप्प उभी राहीन. लोक हसोत, नरसिंगदादा हात धरून ओढो, ऑर्केस्ट्रावाले वाजवायला लागोत. तू एसटीतून उतरून त्या ढिगावर चढेपर्यंत मी खाली येणार नाही.

ढिगावर वाट बघणारी,
तुझीच
पंचफुला